इंदापूर कोणाचे?

दिवाळीची सुटी चार दिवसांवर आली की मुलांचे लक्ष फळ्यावर राहत नाही. वहीवर हात शाईचा असतो, पण नखांत माती असते. आमच्या पुणे जिल्ह्यात दिवाळी म्हणजे फराळ, आकाशकंदील आणि अंगणातला मातीचा किल्ला. कोणी रायगड करतो, कोणी प्रतापगड. गेल्या वर्षी आमच्या सातवीतल्या चार-पाच मुलांनी मात्र ठरवले की, यंदा दुसऱ्याचा गड नको, आपली इंदापूरची गढी करू. मालोजीराजांची गढी म्हणून इंदापुरात जी जागा दाखवतात, तीच. दोन दिवसांत बुरूज उभे राहिले, अळीव उगवले, पायथ्याशी कागदी नावांची भीमाही वाहू लागली. मग ती मंडळी माझ्याकडे आली.

"गुरुजी, गढी झाली. पन वर राजा कोनता बसवायचा?"

मी वर्तमानपत्र वाचत होतो. मान न उचलता म्हणालो, "ज्याचं इंदापूर होतं, तो बसवा."

"मग इंदापूर होतं कोनाचं?"

वाचकहो, वीस वर्षे मी इतिहास शिकवतो. पण या प्रश्नाने मला वर्तमानपत्र खाली ठेवावे लागले. उत्तर एका नावाचे नव्हते, दहा नावांचे होते. आणि ती दहा नावे सांगून झाल्यावरही मुलांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे मला वाटेना. तोच प्रश्न आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम भूगोल पाहू, कारण या मुलखाचा इतिहास त्याच्या भूगोलानेच लिहिला आहे. इंदापूर पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे १३५ किलोमीटरवर. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. या दोन नद्या तालुक्याच्या आग्नेय टोकाला नरसिंहपुराशी एकमेकींना भेटतात. पश्चिमेला बारामती, आणि तिच्या वायव्येला सुपे. तीनही गावे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली. पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आसपास, तोही मनात आले तर. नद्या दोन, पण पाणी त्यांच्या पात्रात, आणि शेते वर माळावर. असा हा दुआब. नद्यांमधला मुलूख पुष्कळदा सरहद्दीचा असतो, आणि सरहद्दीवरच्या गावाचा धनी फार वेळा बदलतो.

देवगिरीचे यादव चौदाव्या शतकाच्या आरंभी बुडाले, तेव्हा हा मुलूख दिल्लीकडे गेला. १३४७ साली दक्षिणेत बहमनी राज्य उभे राहिले. दीडशे वर्षांनी त्याचे तुकडे झाले, तेव्हा नगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या सीमेवर नीरा आणि भीमा आल्या. निजामशाहीच्या चाकरीत असताना मालोजीराजे भोसले, म्हणजे शिवछत्रपतींचे आजोबा, इंदापूरच्या लढाईत पडले, असे परंपरा सांगते. साल कोणते याविषयी इतिहासकारांत वाद आहेत. पण गढीला नाव त्यांचे राहिले ते राहिलेच. पुढे निजामशाहीचा कारभार मलिक अंबराच्या हाती आला. हा हबशी गुलाम म्हणून दक्षिणेत आलेला माणूस. पण वसुलाच्या मक्त्याची पद्धत बंद करून, जमिनीचा कस पाहून धारा ठरवण्याची त्याने घातलेली रीत इतकी मुरली की, तो १६२६ साली वारल्यावरही 'मलिकंबरी धारा' हा शब्द पिढ्यान्पिढ्या आमच्या दप्तरांत राहिला.

१६३० ते १६३२ या सालांत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांच्या घरादारावर ज्याने नांगर फिरवला, तोच हा दुष्काळ. त्यातच निजामशाहीची अखेरची धामधूम. १६३६ साली शहाजहान आणि आदिलशहा यांच्यात तह झाला, निजामशाही वाटली गेली, आणि भीमा-नीरेमधला हा पट्टा विजापूरच्या वाट्याला गेला. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. पुणे-सुप्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली आणि इंदापूर-बारामतीही त्याच कारभारात आली. कारभार पाहायला दादोजी कोंडदेव.

दादोजींपुढे पहिला प्रश्न किल्ल्याचा नव्हता, लढाईचाही नव्हता. प्रश्न असा होता की, जहागीर आहे, पण जमीन कसायला माणूस नाही. शेतात रान माजले होते, रानात लांडगे. मग लांडगे मारणाराला बक्षीस, आणि पडीक जमीन वहितीला आणणाराला पहिली वर्षे नाममात्र सारा, तो दरसाल थोडा थोडा चढत पुऱ्या धाऱ्यावर न्यायचा, अशी व्यवस्था झाली. असल्या चढत्या कराराला आमच्या जुन्या कागदांत 'इस्तावा' म्हणतात. आणि गाव सोडून गेलेल्या रयतेला शब्द आहे 'परागंदा'.

हे दोन शब्द, वाचकहो, ध्यानात ठेवा. गावाला आपला राजा निवडता येत नव्हता. दिल्ली, बीदर, नगर, विजापूर, कोणीही इंदापूरच्या कुणब्याला विचारून आले नाही. पण त्या कुणब्याजवळही एक उत्तर होते. जुलूम फार झाला, पाऊस रुसला, की रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडायच्या, गाडीत जाते-उखळ टाकायचे आणि नदी ओलांडायची. नदीपलीकडे दुसऱ्याचे राज्य. तेही चांगलेच असेल असे नाही. पण निदान नव्या कुळाला ते चार वर्षे गोंजारील. परागंदा होणे हा रयतेचा निकाल होता आणि इस्तावा ही राजाने मागितलेली क्षमा. आमच्या मुलखावरच्या साऱ्या राजवटी याच काट्यावर तोलून पाहाव्यात असे मला वाटते.

शिवाजीमहाराजांनी सुपे घेतले ते घरच्याच माणसाकडून, संभाजी मोहित्यांकडून. ते त्यांचे सावत्र मामा. त्या प्रसंगाच्या कथा मुलांना आवडतात. मला स्वतःला महाराजांची काठी अधिक महत्त्वाची वाटते. सभासदाने तिचे माप दिले आहे: पाच हात आणि पाच मुठी. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा. एकशेवीस बिघ्यांचा चावर. पिकाच्या पाच वाट्यांपैकी तीन रयतेचे, दोन दिवाणाचे. कुणब्याला राज्य समजते ते राजाच्या पदवीतून नव्हे. आपले शेत किती हातांनी मोजले आणि खळ्यातून किती उचलले, यातून समजते.

पण काठी स्थिर राहू द्यायला काळ स्थिर लागतो. १६६० च्या उन्हाळ्यात नगरहून निघालेला शाहिस्तेखान सुपे, बारामती, शिरवळ अशा मजला मारीत पुण्याला गेला. मोठी फौज गावावरून जाते म्हणजे काय होते, हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. उभ्या पिकात घोडे आणि पेवात हात. पुढे १६८९ च्या आरंभी औरंगजेबाची छावणी नीरेच्या पलीकडे अकलूजला होती. संभाजीराजे पकडले गेल्याची बातमी त्याला तिथेच कळली, आणि राजांना त्याच्यापुढे उभे केले ते भीमेकाठी बहादूरगडावर, म्हणजे पेडगावात. अकलूज आणि पेडगाव, दोन्ही आमच्या नद्यांच्या काठी. त्या वीस-पंचवीस वर्षांत इथल्या गावाला दिवसा मोगलांचा अंमलदार आणि रात्री मराठ्यांचा स्वार अशी दोन्हीकडून मागणी येई. राजा नसणे वाईट. दोन राजे असणे त्याहून वाईट.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले. स्वराज्याच्या सनदेत पुणे, सुपे, बारामती, इंदापूर ही नावे आहेत. घरचे राज्य कागदावरही घरचे झाले, आणि बारामतीला चांगले दिवस आले. तेथे बाबूजी नाईक जोशी यांचे प्रस्थ होते. हे मोठे सावकार घराणे. बाबूजींचे भाऊ आबाजी हे बाळाजी विश्वनाथांचे जावई. १७४० साली थोरले बाजीराव वारले, तेव्हा पेशवाईची वस्त्रे बाबूजी नाइकांनाच मिळावीत म्हणून रघूजी भोसल्यांनी खटपट केली. ती फळाला आली असती तर बारामतीच्या वाड्यातून हिंदुस्थानचे राजकारण चालले असते. तसे झाले नाही. पण त्याच नाइकांच्या आश्रयाला राहून कऱ्हेकाठी मोरोपंतांनी आपली काव्यरचना केली आणि १७९४ साली बारामतीतच देह ठेवला. शांतता म्हणजे काय, हे सनदांपेक्षा यातून चांगले कळते. मराठीतला सर्वांत सावकाश, सर्वांत नेटका लिहिणारा पंडित कवी चाळीस वर्षांच्या आसपास काळ कोणाच्या घोड्यांच्या टापांनी न उठता आर्या जुळवीत बसू शकला!

मोरोपंत गेले आणि आठ वर्षांत टापा आल्या. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फत्तेसिंग माने या सरदाराने बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला हडपसरला लढाई झाली, बाजीराव पळाले, वर्षअखेर वसईचा तह झाला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. या साऱ्यात मुलूख ओस पडला. त्यानंतर जे वसुलाला आले ते मक्तेदार, इजारदार. ज्याने पुण्यात जास्त बोली केली त्याला परगणा. मलिक अंबराने दोनशे वर्षांपूर्वी मोडलेली रीत बाजीरावशाहीत पुन्हा बोकाळली. इजारदाराला पुढच्या वर्षाची खात्री नसते. तो गाय दुहीत नाही, तिचे कातडे सोलतो.

म्हणून १८१८ साली राज्य कंपनी सरकारचे झाले तेव्हा शनिवारवाड्यावरचा झेंडा बदलल्याचे दुःख पुण्याला झाले असेल. इंदापूरच्या माळावरच्या माणसाने बहुधा एवढेच विचारले असेल की, आता हप्ता कोणाकडे भरायचा?

इथे जरा दूर, युरोपात जाऊन येऊ. जर्मनीत ऱ्हाइन आणि मोझेल या नद्यांच्या काठी द्राक्षांचे मळे असलेली लहान लहान गावे आहेत. तीही आमच्यासारखीच नद्यांच्या कुशीतली, सरहद्दीची. १७८५ च्या सुमारास तेथे जन्मलेल्या शेतकऱ्याचे पाहा. लहानपणी तो ट्रियरच्या आर्चबिशपची प्रजा. नऊ-दहा वर्षांचा झाला तोच फ्रेंच क्रांतीची फौज आली. तरुणपणी तो नेपोलियन बादशहाची प्रजा. १८१५ साली, आमच्या १८१८ च्या जरासे आधी, तो प्रशियाच्या राजाची प्रजा झाला. गाव तेच, मळा तोच, चर्चची घंटा तीच. आणि फ्रेंचांनी तेथे काय केले? जमीन मोजली. प्रशियाने येऊन काय केले? मोजणी पुरी केली. ज्यांना पुढे त्या गावांत पोट भरेना ते जहाजात बसून अमेरिकेला गेले. भाषा वेगळी, देव वेगळा. पण परागंदा हा शब्द त्यांनाही समजला असता.

इंदापुरातही कंपनीने मोजणीच केली, आणि आधी ती चुकली. प्रिंगल नावाचा एक हुशार मुलकी अधिकारी होता. विलायतेत माल्थससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला. १८२८ च्या सुमारास त्याने पुणे जिल्ह्यात शेताचे एकूण उत्पन्न, त्यातून वजा जाता खर्च, आणि उरेल त्याचे शेकडा ५५ सरकारचे, असे गणित मांडले. गणित कागदावर बिनचूक होते. पण शेताची मापे चुकीची निघाली, उत्पन्नाचे आकडे फुगलेले निघाले, त्यात धान्याचे भाव पडले. वसुलासाठी रयतेचे जे हाल झाले ते कंपनीच्याच कागदांत लिहिलेले आहेत. रयतेने काय केले? जे नेहमी करीत आली तेच. बैल जुंपले आणि निजामाच्या मुलखाची वाट धरली. पुस्तकी हुशारीचा तो पराभव मी वर्गात मुद्दाम सांगतो. आम्हां शिक्षकांनाही तो लागू आहे.

१८३५ साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विनगेट हा लष्करी इंजिनियर, या दोघांनी पुन्हा मोजणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यातच. सबंध मुंबई इलाख्यात पुढे गेलेली जमीनमोजणीची पद्धत आमच्या या माळावर जन्मली, हे आमच्याच मुलांना ठाऊक नसते. निव्वळ उत्पन्नाचे गणित त्यांनी बाजूला ठेवले. शेतात उभे राहून मातीचा कस आणि खोली पाहिली, तो आण्यांत लिहिला, पूर्वी खरोखर किती वसूल होत आला ते तपासले, आणि आकारणी उतरवली. प्रत्येक शेताला नंबर, बांधावर हद्दीचे दगड, आणि ठरलेला आकार तीस वर्षे न वाढवण्याची हमी. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तो गुंठा; चाळीस गुंठ्यांचा एकर. आज आपण भावाभावांत ज्या गुंठ्यावरून भांडतो, तो गुंठा त्या साखळीचा. पडीक जमिनी वहिती झाल्या, गेलेली माणसे परतली. दादोजींनंतर दोनशे वर्षांनी पुन्हा एकदा राज्याने इंदापूरच्या कुणब्याला सांगितले की, बाबा, परत ये.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. दगड रोवले म्हणजे शेत पक्के झाले, आणि पक्के झालेले शेत गहाण टाकता येते. साहेबाच्या कोर्टात सावकाराचा कागद चालू लागला. १८५८ साली आगगाडी डिकसळपर्यंत आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, हातात पैसा खेळला, कर्ज मिळू लागले. युद्ध संपले, भाव उतरले, आणि १८६७ च्या सुमारास तीस वर्षांची हमी संपताच आकारणी मोठ्या मानाने वाढवण्यात आली. आता पळावे तर कुठे? नदीपलीकडेही तेच राज्य, तेच कोर्ट, तोच कागद. परागंदा होण्याची वाट बंद झाली.

तेव्हा रयतेने दुसरे उत्तर शोधले. १२ मे १८७५, सुप्याचा बाजाराचा दिवस. आज सुपे बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. बाजाराला जमलेला जमाव सावकारांच्या दुकानांवर गेला आणि त्याने मागितले ते धान्य नव्हे, कागद. गहाणखते, कर्जरोखे, वह्या बाहेर काढून रस्त्यात त्यांची होळी केली. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, आणि त्याची रीत बहुतेक ठिकाणी हीच राहिली: माणूस मारू नका, कागद जाळा. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेकडो वर्षे ज्याने पायांनी उत्तर दिले, त्याने त्या दिवशी प्रथम हातांनी उत्तर दिले.

पुढची गोष्ट पाण्याची. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला, आणि बारामतीचा माळ हिरवा झाला. विसाव्या शतकात उसाने, गुळाने आणि साखर कारखान्यांनी या मुलखाची भाषाच बदलली. मग १९४७ साल आले. राज्य घरचे झाले, एवढेच नव्हे, ते प्रथमच गावाला विचारून आले. पुढे कायद्याने कुलकर्णी वतन गेले, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. यादव, बहमनी, आदिलशाही, पेशवाई आणि इंग्रजी, या साऱ्यांना पुरून उरलेली ही दोन माणसे लोकांच्या राज्याने रजा देऊन घरी पाठवली.

आणि तरीही आमच्या तालुक्याची शेवटची मोठी स्थलांतरे झाली ती आपल्याच राज्यात. भीमेवर उजनीचे धरण बांधले गेले. १९८० साली ते पुरे झाले. त्याच्या फुगवट्याखाली भीमाकाठची गावे गेली. पळसदेवचे जुने शिवमंदिर पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की शिखर वर येते, मग देऊळ दिसू लागते, आणि माणसे होडीने किंवा गाळ तुडवीत दर्शनाला जातात. पाऊस आला की देव पुन्हा पाण्यात. या पाण्याने सोलापूरकडचे आणि आमच्याकडचेही अनेक माळ पिकवले, हे खरे. पण आजवर इंदापूरची माणसे गाव सोडून जात तेव्हा मागे गाव राहत असे, आणि राजा शहाणा झाला की परत येता येत असे. या वेळी गावच गेले. असले स्थलांतर कोणत्याही इस्ताव्याने परत फिरत नाही.

हे सारे त्या संध्याकाळी मुलांना जमेल तसे सांगितले. एक मुलगी मध्येच म्हणाली, "आमची आजी अजून 'गावाला जाऊ' म्हनती ना गुरुजी, तवा तिला पान्यातलंच गाव म्हनायचं असतंय." बाकीची मुले गप्प झाली. मीही.

इंदापूर कोणाचे, याचे उत्तर मला आता असे वाटते. जे इथे आले आणि गेले त्यांचे ते थोडा थोडा काळ होते. काहींनी ते जपले, काहींनी ओरबाडले. पण जे गेले आणि तरीही परत आले, पडीक रानात पुन्हा औत घातले, त्यांचे ते अधिक आहे. त्यांची नावे कोणत्याही सनदेत नाहीत. फार तर कुठे एखाद्या जुन्या कागदात दोन शब्द सापडतील: 'परागंदा होता, आला.'

वसुबारसेला मी किल्ला पाहायला गेलो. गढीवर शिवाजीमहाराजच बसले होते. बाजारात दुसरा राजा मिळत नाही, आणि मुलांना दुसरा नकोही होता. पण दरवाजाशी मुलांनी मातीची बैलगाडी ठेवली होती. तिच्यात काडीचे जाते-उखळ, वर चिंध्यांचे गाठोडे, पुढे मुंडासे बांधलेला माणूस.

"गाडी बाहेर निघालीय की आत येतीय रे?" मी विचारले.

"आत येतीय, गुरुजी," त्या मुलीने सांगितले आणि गाडीपुढे एक पणती सरकवून ठेवली.